गॅस गेला कुठे?

एप्रिल लागला की महाराष्ट्रात दोन गोष्टी हमखास संपतात. धरणातलं पाणी आणि एसीतला गॅस. पाण्याचं समजू शकतो. ते ऊस पितो, टँकर पितो, ऊन पितं. उरलंच तर माणसांच्याही वाट्याला येतं. पण एसीतला गॅस कोण पितं, हा प्रश्न कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

मेकॅनिक येतो. चपला दाराबाहेर काढतो, आउटडोअरला गेज लावतो, काट्याकडे बघून डॉक्टरी चेहरा करतो आणि निदान सांगतो, ‘साहेब, गॅस संपलाय.’ साहेब मान डोलावतात. त्यांच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघरातला लाल सिलिंडर असतो. वहिनींची स्मरणशक्ती जरा बरी असते. त्या म्हणतात, ‘अहो दादा, गेल्याच वर्षी भरला होता ना?’ दादा शांतपणे सांगतात, ‘यंदा वापर जास्त झाला असंल, वैनी.’ विषय मिटतो, पैसे जातात, खोली गार होते आणि पुढच्या एप्रिलची भेट तिथल्या तिथे पक्की होते.

आता ऐका. एसीतला गॅस वापराने संपत नाही. तो जळत नाही, झिजत नाही, शिळाही होत नाही. तांब्याच्या बंद नळीतून तो नुसता फिरत असतो. खोलीत आला की उकळून वाफ होतो आणि आपली उष्णता उचलतो, बाहेर गेला की दाबाखाली पुन्हा द्रव होतो, उचललेली उष्णता शेजाऱ्याच्या खिडकीसमोर ओततो आणि रिकाम्या हाताने परत येतो. पुरावा हवा असेल तर स्वयंपाकघरात जा. तुमचा फ्रिज बारा महिने, चोवीस तास हेच काम करतो, आणि पंधरा-पंधरा वर्षं त्याला कुणी ‘वार्षिक गॅस’ भरत नाही. कारण फ्रिजची नळी कारखान्यात झाळून कायमची बंद केलेली असते. एसीची नळी मात्र तुमच्या घरी, भिंतीला भोक पाडून, ग्रिलवर एक पाय आणि हवेत एक पाय अशा अवस्थेतल्या पोराने जोडलेली असते. तांब्याचं तोंड कर्ण्यासारखं रुंदावायचं, त्यावर फ्लेअर नट आवळायचा. तोंड तिरकं झालं, नट कमी आवळला किंवा जास्त आवळून तोंडच चिरलं, की गॅसला दार मिळालं. तो संपला नाही, सुटला.

सुटून जातो कुठे? वर. आणि इथून पुढे ही तुमच्या बेडरूमची खासगी बाब राहत नाही.

जुन्या एसीत आर-२२ असायचा, मग आर-४१०ए आला, आता नव्या एसीवर आर-३२ लिहिलेलं असतं. नावं बसच्या नंबरांसारखी असल्यामुळे कुणाला भीती वाटत नाही. पण हिशेब असा: शंभर वर्षांच्या मापाने एक किलो आर-२२ हवेत गेला, तर तो सुमारे १,८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. आर-४१०ए, जो ओझोनला इजा करत नाही म्हणून ‘पर्यावरणस्नेही’ छापून विकला गेला, तो त्याहून वरचढ, सुमारे २,१००. आर-३२ त्यातल्या त्यात सौम्य, ६७५. पण तो हवेत फार वर्षं टिकत नाही, सगळा पराक्रम सुरुवातीलाच करतो; त्यामुळे वीस वर्षांच्या मापाने मोजलं तर हाच सौम्य गृहस्थ अडीच हजारांच्या घरात जातो. माप कुठलं घ्यायचं हे कोण ठरवतं? ज्याला जे विकायचंय तो.

एक किलो आर-४१०ए सुटणं म्हणजे सुमारे नऊशे लिटर पेट्रोल जाळणं. तेवढ्या पेट्रोलवर साधी गाडी मुंबई-पुणे पंचेचाळीस वेळा जाऊन येईल. म्हणजे ‘आम्ही यंदापासून मेट्रोनेच जातो हं’ असं सांगणाऱ्या पर्यावरणप्रेमी कुटुंबाच्या बाल्कनीतला एक सैल नट त्यांचं सगळं पुण्य एका उन्हाळ्यात धुऊन टाकतो. मेट्रोचं कार्ड फेसबुकवर टाकता येतं. नटाचा फोटो कुणी टाकत नाही.

एवढ्याशा गॅसमध्ये एवढी ताकद कुठून येते? कार्बन डायऑक्साइड हवेत दहा लाखांत ४२० च्या वर पोचलाय. कारखानदारी सुरू होण्याआधी तो २८० च्या आसपास होता. एसी-फ्रिजमधले हे फ्लोरिनवाले वायू मात्र लाख कोटींत मोजावे लागतात. गाड्यांच्या एसीतला आर-१३४ए घ्या: लाख कोटी रेणूंत शे-सव्वाशे. (लाख कोटी म्हटलं की मराठी वाचकाला घोटाळा आठवतो. योग्यच आठवतो, पुढे येतोय.) गंमत त्यांच्या जागेत आहे. सूर्याने तापलेली पृथ्वी ती उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात परत आकाशात सोडते. त्यातल्या बऱ्याच तरंगलांबी पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड अडवतात, आणि ते बरंच आहे, नाहीतर पृथ्वीचं सरासरी तापमान आजच्या पंधराऐवजी उणे अठरा अंश असतं आणि हे सदर लिहायला कुणी नसतं. पण ८ ते १२ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात या दोघांचा अडसर फारसा नाही. शास्त्रज्ञ त्याला वातावरणाची खिडकी म्हणतात. पृथ्वी तिथून मोकळेपणी उष्णता टाकते. कार्बन आणि फ्लोरिनचा बंध नेमका याच पट्ट्यातली उष्णता शोषतो. बाकीच्या वायूंनी मोकळी ठेवलेली एकच वाट, आणि आपण खोली गार करण्यासाठी जो वायू निवडला तो नेमका तिथेच जाऊन बसला.

हे पहिल्यांदा कुणी दाखवलं, तर गॅस गळतीला कंटाळलेल्या एका भारतीय इंजिनिअरने. वीरभद्रन रामनाथन. मद्रासकडचा हा तरुण साठच्या दशकात इंजिनिअर झाला आणि सिकंदराबादच्या एका फ्रिज कारखान्यात लागला. काम काय, तर फ्रिजमधला वायू इतका का गळतो ते शोधणं. नोकरीत जीव रमला नाही, बंगळुरूमार्गे अमेरिकेला गेला. पण तो वायू ओळखीचा राहिला. १९७५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याने गणित मांडलं की फ्रिज-एसीतल्या सीएफसी वायूचा एक रेणू उष्णता अडवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजारांहून अधिक रेणूंना भारी पडतो. तोवर जगाला वाटत होतं की हवामान बिघडवायला एकटा कार्बन डायऑक्साइड जबाबदार आहे. सिकंदराबादच्या कारखान्यात गळती शोधायला ठेवलेल्या माणसाने ती शोधली, फक्त जरा मोठ्या प्रमाणावर. आपल्याकडे मात्र अजून ‘वापर जास्त झाला असंल’ चालू आहे.

सीएफसीचा जनक थॉमस मिजली. हा माणूस तिरकस सदरांसाठीच जन्माला आला होता. पेट्रोलमध्ये शिसं घालण्याची कल्पना त्याचीच. त्या काळच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असले विषारी वायू असत. रात्री नळी फुटली की सकाळी अख्खं कुटुंब गेलेलं. बर्लिनमधल्या अशाच एका कुटुंबाची बातमी वाचून खुद्द आइनस्टाइनने भौतिकशास्त्रज्ञ झिलार्डला बरोबर घेऊन फ्रिजचा आराखडा केला होता, पेटंटही घेतलं होतं. सापेक्षतावाद चालला, फ्रिज चालला नाही. चालला मिजलीचा सीएफसी, म्हणजे फ्रिऑन. १९३० साली त्याने रसायनतज्ज्ञांच्या सभेत तो वायू छातीभर ओढून घेतला आणि सोडताना त्यानेच मेणबत्ती विझवली. विष नाही, आग नाही, टाळ्या. वायू इतका निरुपद्रवी की कशाशीच संयोग पावत नाही. म्हणूनच तो न मोडता थेट ओझोनच्या थरापर्यंत पोचला. पुढे मिजलीला पोलिओ झाला, अंथरुणातून उठण्यासाठी त्याने दोऱ्या आणि कप्प्यांचं यंत्र बनवलं आणि १९४४ साली त्याच दोऱ्यांत अडकून गुदमरून गेला. निदान स्वतःच्या शोधाचा परिणाम स्वतः भोगण्यात तो आपल्या पुढे होता.

ओझोनची गोष्ट जगाने त्यातल्या त्यात बरी हाताळली. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी सीएफसीचा धोका दाखवला, १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावर ओझोनचं भगदाड दाखवलं, १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला. दोन वर्षांत! आपल्याकडे दोन वर्षांत उड्डाणपुलाचं भूमिपूजन होतं. सीएफसी गेले, त्यांच्या जागी एचसीएफसी (आर-२२ त्यातलाच) आणि मग एचएफसी (आर-४१०ए, आर-३२) आले. एचएफसी ओझोनला हात लावत नाहीत, फक्त पृथ्वी तापवतात. म्हणजे चोर बदलला आणि आपण पेढे वाटले.

आता कबूल केलेला घोटाळा. आर-२२ बनवताना कारखान्यात एचएफसी-२३ नावाचा टाकाऊ वायू थोडासा तयार होतो. त्याची ताकद, तेव्हाच्या अधिकृत हिशेबात, कार्बन डायऑक्साइडच्या ११,७०० पट. तो भट्टीत जाळून टाकणं सोपं आणि स्वस्त. हवामानाच्या क्योटो करारानंतर श्रीमंत देशांनी योजना काढली की गरीब देशांत कुणी प्रदूषण कमी केलं, तर त्याचे कार्बन क्रेडिट आम्ही विकत घेऊ. एक टन एचएफसी-२३ जाळा, ११,७०० क्रेडिट घ्या. चीनमधल्या बऱ्याच आणि भारतातल्या काही कारखान्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आनंदाचं. २००७ मध्ये ‘नेचर’मधल्या एका लेखात मायकल वारा या अभ्यासकाने हिशेब मांडला: सुमारे दहा कोटी युरोत होणाऱ्या कामासाठी जग चारशे कोटींहून जास्त युरो मोजणार आहे, आणि हे कारखाने माल विकून जेवढं कमावतात त्याच्या जवळजवळ दुप्पट त्याचा कचरा जाळून कमावू शकतात. मग कचरा कमी करायला कुणाला वेड लागलंय? क्रेडिट मिळण्याच्या काळात काही कारखान्यांत कचऱ्याचं प्रमाण चढतं आणि क्रेडिट थांबलं की उतरतं, असं पुढे निरीक्षकांच्या ध्यानात आलं. शेवटी २०१३ पासून युरोपने ही क्रेडिटं घेणं बंद केलं. २०१६ च्या ऑक्टोबरात भारत सरकारने आपल्या कारखान्यांना सांगितलं, जाळा, स्वतःच्या खर्चाने. हे चांगलं केलं. चांगल्याला चांगलं म्हणायला हरकत नाही, सवय नसली तरी.

पण थांबा. चीन आणि भारताने दिलेल्या माहितीनुसार २०१७ पर्यंत जगातलं एचएफसी-२३ चं उत्सर्जन जवळजवळ संपायला हवं होतं. २०२० मध्ये संशोधकांनी प्रत्यक्ष हवेतली मोजणी प्रसिद्ध केली. २०१८ सालचा आकडा निघाला सुमारे १५,९०० टन, तोवरच्या इतिहासातला सर्वांत मोठा. कागदावर उतार, हवेत विक्रम. हवेचा हा एक वाईट गुण आहे, तिला मार्चअखेर समजत नाही. चोरून बनवलेल्या सीएफसी-११ चंही असंच झालं होतं. बंदी असलेला वायू हवेत वाढताना दिसला, आणि कोरिया-जपानकडच्या बेटांवरच्या मोजणी केंद्रांनी माग काढत पूर्व चीन गाठला.

२०१६ च्या त्याच ऑक्टोबरात रवांडातल्या किगालीत रात्रभर जागून एचएफसी कमी करण्याचा करार झाला. शतकाच्या अखेरपर्यंत अर्ध्या अंशापर्यंत तापमानवाढ टाळू शकणारा करार, म्हणजे हवामानाच्या बाजारात हे घबाडच. त्यात देशांचे गट पडले. भारत, पाकिस्तान, इराण, इराक आणि आखाती देश एका गटात आले. उकाड्याने जे जमवलं ते क्रिकेटलाही जमलं नाही. या गटाने मोठी सवलत मिळवली: २०२८ मध्ये वाढ थांबवायची, २०३२ पासून थोडी कपात, २०४७ पर्यंत ८५ टक्के. आणि कपात कशाच्या तुलनेत? २०२४, २०२५ आणि २०२६ या तीन वर्षांतला सरासरी एचएफसी वापर, वर एचसीएफसीच्या जुन्या कोट्याचा वाटा. म्हणजे या तीन वर्षांत जितकं जास्त वापराल, तितका पुढचा कोटा ऐसपैस. एकादशीच्या आदल्या रात्री पोटभर जेवणाऱ्या समाजाला हे कलम समजावून सांगावं लागलं नसणार.

सवलत अन्यायाची होती असं मी म्हणणार नाही. २०१९ च्या राष्ट्रीय शीतकरण आराखड्यानुसार आपल्याकडे जेमतेम आठ टक्के घरांत एसी होता. अमेरिकेत दहातल्या नऊ घरांत. चंद्रपूरला पारा ४५ च्या पुढे गेल्यावर तिथल्या माणसाला ‘माठातलं पाणी प्या’ सांगणारा शहाणा स्वतः बहुधा २२ अंशांवर बसलेला असतो. एसी लागणार, वाढणार, वाढायलाच हवेत. शिवाय एसीच्या पापात विजेचा वाटा गॅसपेक्षा मोठा, आणि आपली वीज मुख्यतः कोळशाची, हेही खरं. पण म्हणून गॅस फुकट सोडावा असं कुठे आहे?

इथे सगळी मेख आहे. किगालीचा करार मोजतो ते उत्पादन आणि आयात. तुमच्या बाल्कनीतली गळती तो मोजत नाही. तो धरून चालतो की कमी बनला तर कमी सुटेल. एसीवरचे पाच तारे वीज किती खाल्ली ते सांगतात, गॅस किती गळला याला तारा नाही. पाडव्याला ‘जुना द्या, नवा न्या’ची जाहिरात लागते. जुना एसी टेम्पोत चढतो, भंगारवाल्याकडे तांब्याची नळी कटरने कापली जाते, एक ‘फुस्स’ होतं आणि तुमच्या नव्या पंचतारांकित एसीच्या कित्येक महिन्यांच्या वीजबचतीची हवा होते, अक्षरशः. अमेरिकेत १९९२ पासून असा गॅस मुद्दाम हवेत सोडणं गुन्हा आहे. युरोपात या कामाला प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडे प्रमाणपत्र विचारायला गच्चीवर कुणी येत नाही.

दादांना बोल लावू नका. त्यांना पैसे मिळतात ते फेरीचे, गळती शोधण्याचे नाहीत. गळती शोधायची तर जोडाजोडाला साबणाचा फेस लावून बुडबुडे बघायचे, नायट्रोजन भरून दाब धरतो का पाहायचा, जोड नव्याने करायचा, व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओल खेचून काढायची, मग काट्यावर तोलून कंपनीने सांगितलेल्या वजनाइतकाच गॅस भरायचा. दोन-अडीच तासांचं काम. घरमालक अर्ध्या तासाने विचारतो, ‘झालं का?’ आणि बिल बघून म्हणतो, ‘पलीकडचा निम्म्यात करतो.’ पलीकडचा निम्म्यातच करतो. तो पंप आणत नाही. बाहेरच्या युनिटमधलाच थोडा गॅस सोडून नळीतली हवा ढकलून देतो. एसी दुसरीकडे हलवताना गॅस युनिटमध्ये ओढून ठेवायचा असतो, त्यालाही दहा मिनिटं लागतात, तीही तो देत नाही. शीतकरण आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना २०२२-२३ पर्यंत शिकवून प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट होतं. शिकलेल्या तंत्रज्ञाला जास्त पैसे देणारा ग्राहक तयार करण्याचं कलम मात्र त्यात कुणी घातलं नव्हतं.

पर्याय नाहीत असंही नाही. प्रोपेन, म्हणजे आर-२९०, याची तापवण्याची ताकद इतकी क्षुल्लक की मोजायचीही गरज नाही. विक्रोळीच्या गोदरेजने त्यावर चालणारे घरगुती एसी २०१२ पासूनच बाजारात आणले होते. तो ज्वालाग्राही आहे म्हणून लोक दचकतात. स्वयंपाकघरात चौदा किलो एलपीजी उभा करून त्याच्या शेजारी देवाचा दिवा लावणारे लोक, एसीतल्या तीन-चारशे ग्रॅमला दचकतात. त्याची काळजी घ्यायलाच हवी, जोड तर चोख हवाच. पण चोख जोड लागतो म्हणून त्याला नको म्हणायचं, आणि तोच तर त्याचा गुण आहे. गळला तर धोका तुम्हाला, म्हणून तुम्ही गळू देणार नाही. आर-४१०ए गळला तर धोका सगळ्यांना, म्हणजे कुणालाच नाही.

तेव्हा यंदा कुणी ‘गॅस संपलाय’ म्हणालं, तर भरण्याआधी गळती कुठे आहे ते दाखवायला सांगा. दाखवल्याशिवाय भरू देऊ नका. बिलावर गॅसचं नाव आणि किती ग्रॅम भरला ते लिहून घ्या. जुना एसी देताना आतला गॅस कोण काढून घेणार, हे दुकानदाराला विचारा. तो गोंधळेल, तरी विचारा. आणि व्हॅक्यूम पंप घेऊन जिना चढणारा मेकॅनिक भेटलाच, तर घासाघीस न करता त्याचे पैसे द्या आणि त्याचा नंबर सोसायटीच्या ग्रुपवर टाका.